वालाच्या दाण्याएवढं केंद्रक

कर्जत स्टेशनवर मी उतरले तेव्हा माझ्या हातातल्या अणूला मुंग्या लागल्या होत्या.

हे जरा उलगडून सांगते. मी अकोल्याला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी गजानन नावाचा एक अंध मुलगा माझ्या वर्गात आला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मॅडम, तुम्ही फळ्याकडे तोंड करून 'हे असं' म्हणता. ते कसं, ते मला सांगत जा ना." त्याच्यामुळे मी आणि आमच्या गल्लीतले एक सुतारकाका कामाला लागलो. हातांनी चाचपून कळतील अशा वस्तू बनवल्या. अणू आतून कसा असेल याबद्दलची माणसाची कल्पना गेल्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलत गेली. त्यातल्या एकेका कल्पनेची एकेक वस्तू आमच्या पेटीत आहे. त्यातली दुसरी म्हणजे बेदाणे टोचलेला रव्याचा लाडू. तो दर वेळी ताजा करावा लागतो, कारण शिकवून झाल्यावर मुलं तो खाऊन टाकतात. या वेळी मुंग्यांनी आधीच नंबर लावला होता.

स्टेशनवर शैला घ्यायला आली होती. आम्ही दोघी बी.एड.ला एका बाकावर होतो. आता ती चौकच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनंच फोन करून मला बोलावलं होतं. "कुंदे, तुझी ती पेटी घेऊन ये. माझ्याकडे दहावीत एक मुलगी आहे, रेश्मा. तिला दिसत नाही. अकरावीला सायन्सच पाहिजे म्हणते. घरी नको म्हणतात, शाळेत अर्धे लोक नको म्हणतात, आणि खरं सांगू का, माझीही खात्री नाही."

"हे काय आणलंयस?" लाडवाचा डबा उघडून तिनं विचारलं.

"अणू."

"अगं, मुंग्या फिरतायत याच्यावर."

"त्यांना इलेक्ट्रॉन समज."

शैला फलाटावर इतकी हसली की शेजारचा चहावालाही कारण न कळता हसला. आमच्या अकोल्यात जानेवारीतली थंडी कोरडी आणि खरखरीत असते, ओठ फोडते. इथली थंडी ओलसर होती, दुलईसारखी अंगाला चिकटणारी. पुण्याकडे निघालेल्या एका गाडीला घाट चढायला मागून इंजिनं जोडत होते. आमच्या सपाट मुलखात गाडीला असं मागून ढकलतात हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मी गरम वडापाव खात ते काम शेवटपर्यंत बघितलं.

चौक

कर्जतहून चौकला आम्ही रिक्षानं निघालो. पेटी मागच्या बाजूला ठेवली होती. चौकच्या अलीकडे एका गतिरोधकावर रिक्षा उडाली, पेटीही उडाली आणि रस्त्यावर जाऊन आडवी झाली. लाकडी गोळा शाबूत होता. तांब्याच्या कड्या वाकल्या होत्या, त्या हातानंच सरळ केल्या. मात्र माझी सगळ्यात लाडकी वस्तू, म्हणजे गोट्यांचा पाट, त्याच्या आतला लाकडी तुकडा निखळून कुठं गेला ते सापडेना.

हा पाट म्हणजे एक चौकोनी फळी. तिच्यावर चार खुंट्या, आणि खुंट्यांवर टेकलेलं झाकण. फळी आणि झाकण यांच्यामध्ये गोटी सहज जाईल एवढी फट. झाकणाखाली मधोमध काहीतरी चिकटवलेलं असतं, पण ते बाहेरून दिसत नाही. चारी बाजूंनी गोट्या सोडायच्या, त्या कुठून आणि कशा बाहेर येतात त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं. आतला तुकडाच नसेल तर पाट म्हणजे नुसती फळी.

समोरच एक गॅरेज होतं. तिथले भाऊ एका ट्रकखालून बाहेर आले, आमची शोधाशोध बघत उभे राहिले आणि विचारलं, "काय हरवलं, ताई?"

"अणूचा मधला भाग," मी म्हणाले.

"अणू? म्हंजे बाँबवाला?"

"नाही हो, शाळेतला."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग आत जाऊन एक जुनं बेअरिंग आणलं, पुसून स्वच्छ केलं आणि घट्ट चिकटणारं काहीतरी लावून फळीच्या मधोमध बसवून दिलं. मी पर्स उघडली तर म्हणाले, "शाळेचं हाय ना? मग ऱ्हाऊ द्या." आणि पुन्हा ट्रकखाली गेले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. हे सगळं मी मुख्यतः आभार मानायला लिहिते आहे. त्यातले पहिले आभार त्या माणसाचे.

शनिवारची सकाळची शाळा होती. शैलानं वर्गाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतं. रेश्मा ठोंबरे आली ती मैत्रिणीच्या खांद्याला हलकासा हात लावून. उंच, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. चौकला मामाकडे राहून शिकते, घर कोंडाण्याला. मी तिच्या हातात शिसवी लाकडाचा गोळा दिला.

"हा चेंडू हाय," ती म्हणाली.

"हा अणू. पहिली कल्पना अशी होती. भरीव, गुळगुळीत, न तुटणारा. एका इंग्रज शाळामास्तरानं मांडलेली."

"मॅडम, राग मानू नका," रेश्मा म्हणाली, "पन मला सगळे गोळेच देतात. पृथ्वी म्हनून गोळा, सूर्य म्हनून गोळा, भूगोलाच्या सरांनी तर मोसंबं दिलं. हा धडा मला आठवीपासून पाठ हाय. सगळा म्हनून दाखवू?"

शैला ओशाळली. मला मात्र बरं वाटलं. गोळा हातात धरून 'वा, छान' म्हणणाऱ्या मुलीसाठी मी अकोल्याहून आले नव्हते.

"म्हणून नको दाखवूस," मी म्हटलं. "तो गोळा का टिकला नाही, तेवढं सांग."

ती थांबली. "ते पाठ नाय."

मग मी सांगितलं. काचेच्या नळीतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतली आणि तिच्यातून वीज सोडली, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काहीतरी जातं. जवळ चुंबक आणला की त्याची वाट वळते. मोजून पाहिलं तेव्हा ते सगळ्यात हलक्या अणूपेक्षाही कितीतरी हलकं निघालं, आणि त्यावर ऋण प्रभार. न तुटणाऱ्या गोळ्यातून तुकडा बाहेर आला होता. मग अणूचं चित्र बदलावं लागलं. सगळा अणू म्हणजे धन प्रभाराचा एक लगदा आणि त्यात अधूनमधून रुतवलेले ते ऋण कण, इलेक्ट्रॉन. पुस्तकात त्याला पुडिंगची उपमा देतात.

"पुडिंग मी कधी खाल्लं नाय," रेश्मा म्हणाली.

"मी पण नाही. हा घे लाडू. मुंग्या झटकून घेतल्यायत."

तिनं एकेक बेदाणा बोटानं शोधला आणि पहिल्यांदाच हसली. "आता या लाडवाचं काय चुकलं?"

"ते तू सांगायचं," मी पाट तिच्यापुढे सरकवला. "समज, हा पाट म्हणजे सोन्याचा अतिशय पातळ वर्ख. तुझ्या हातातल्या गोट्या म्हणजे जड, धन प्रभाराचे, जोरात जाणारे कण. अणू जर लाडवासारखा सगळीकडून मऊ असेल तर काय व्हायला पाहिजे?"

"आरपार जातील."

"सोड."

तिनं सोडली. गोटी गडगडत पलीकडे गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. रेश्मानं कान पाटाजवळ नेला होता. ती एका कडेनं सरकत सरकत गोट्या सोडत गेली आणि मग एकदम 'टण्ण' असा आवाज झाला. गोटी परत येऊन तिच्याच बोटांवर आपटली. ती दचकली. पुन्हा त्याच जागेवरून सोडली, पुन्हा परत. जरा बाजूनं सोडली तर तिरकी होऊन भलतीकडून बाहेर पडली.

"मधी काहीतरी हाय. बारीक हाय पन लई कडक हाय. बाकी सगळं मोकळं."

"सोन्याच्या वर्खावर कण सोडणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हेच सापडलं," मी म्हणाले. "बहुतेक कण वर्खातून सरळ गेले. थोडे वळले. आणि फार थोडे, अगदी क्वचित एखादा, आला तसा परत फिरला. तो परत आलेला कण बघून त्या प्रयोगशाळेतली माणसं चक्रावून गेली होती. मग ठरलं, अणूच्या मधोमध एक इवलंसं, जड, धन प्रभाराचं केंद्रक आहे."

रेश्मानं गोटी मुठीत धरली. "मॅडम, त्या शास्त्रज्ञांना तरी आतलं दिसलं होतं का?"

"नाही. अणू डोळ्यांना दिसतच नाही. प्रकाशाची लाटच त्याच्यापेक्षा फार मोठी असते."

"आता? आता मशिनी निघाल्या असतील."

"निघाल्यात. एका यंत्रात अतिशय अणकुचीदार सुई असते. ती पृष्ठभागाच्या अगदी जवळून, न टेकता फिरवतात. सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या विजेवरून कुठे उंच, कुठे खोल ते कळतं. मग त्याचं चित्र काढतात."

रेश्मानं टेबलावरून बोटांची टोकं फिरवली. मग शैलाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "बाई, म्हंजे ब्रेलसारखं. हे तुमी मला आठवीत का नाय सांगितलं?"

"मला कुठं माहीत होतं गं," शैला म्हणाली.

कोंडाणे

शाळा सुटल्यावर रेश्मासोबत आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सोमवारपर्यंत राहायचं असा रेश्माच्या आईचा, वनितावहिनींचा, फोनवरून हुकूम होता. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग "जेवता का" असं विचारतात. इथं विचारलंच नाही, ताटच वाढलं. तांदळाची पांढरीशुभ्र, कागदासारखी पातळ भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती भाकरी आहे हेच आधी पटेना. पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात, तेही मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सोबत वालाचं बिरडं. पहिला घास किंचित कडू लागला, दुसरा लागला नाही, आणि नंतर मी मोजले नाहीत. सुकटाच्या चटणीचा वास आल्यावर माझा चेहरा बदलला असणार, कारण वहिनींनी वाटी हळूच शैलाकडे सरकवली.

कोंडाण्याच्या मागे राजमाचीचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या पोटात लेणी आहेत. रविवारी सकाळी आम्ही तिथवर गेलो. वाट दगडांची, झाडीतली. आमच्या अकोल्याच्या सपाटीवर आयुष्य काढलेल्या माझ्या पायांना चढ म्हणजे शिक्षाच. एका ठिकाणी घसरून मी बसले आणि बसूनच काही अंतर खाली आले. वहिनी "अगं बाई, अगं बाई" करत धावल्या. लागलं काही नाही, साडी तेवढी फाटली. लेण्यात पोचल्यावर डोंगरातून खोदलेले खांब आणि वरच्या कमानी बघत मी मान वर करून फिरले. रेश्मा टाळ्या वाजवून आवाज कुठून परत येतो ते ऐकत होती. "हितं छत लई उंच हाय," ती म्हणाली. तिला ते लहानपणापासून माहीत होतं, पण मला सांगायचं होतं.

दुपारी उतरून आल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, ते केंद्रक किती बारीक? पाटात तर बेअरिंग होतं."

पाटाची तीच अडचण आहे. त्यात प्रमाण दाखवता येत नाही. मी घराभोवती पाहिलं. भात काढल्यावर खाचरांत वाल पेरलेला होता, शेंगा भरल्या होत्या. एक शेंग सोलून मी दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

"हे केंद्रक. आता अणूची कड कुठं आहे ते दाखवते. वहिनी, जरा त्या बांधापर्यंत जाल का? आणि तिथून हाक मारा."

वहिनींना वाटलं काहीतरी खेळ आहे. त्या बांधावर गेल्या. "रेश्मेऽ!"

"हितं का?" रेश्मानं विचारलं.

"नाही. वहिनी, अजून लांब!"

त्या पुढच्या बांधावर गेल्या. पुन्हा हाक. "अजून लांब!" मग आणखी दोन खाचरं ओलांडून, नाल्यापलीकडे. शेजारची माणसं कामं थांबवून बघायला लागली. एकीनं ओरडून विचारलं, "वनिता, कुटं निघालीस गं?" वहिनी उत्तरल्या, "मला काय म्हाईत, मॅडमना इचार!" आणि चालत राहिल्या. शेवटी गावाच्या टोकाकडून त्यांची हाक आली, ती इतकी बारीक की वाऱ्याच्या झुळकेत हरवावी.

"तिथं," मी म्हणाले. "साधारण तिथं अणूची कड."

रेश्मा हातातला दाणा चोळत त्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी होती. "आनि मधी?"

"इलेक्ट्रॉन. पण ते इतके हलके की जवळजवळ सगळं रिकामं. वजन सगळं तुझ्या हातात आहे."

"मग मी या भिंतीतनं आरपार का जात नाय?"

तीस वर्षं शिकवते आहे, पण इतक्या नेमक्या वेळी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. भिंतीतले इलेक्ट्रॉन आपल्यातल्या इलेक्ट्रॉनांना जवळ येऊ देत नाहीत, एका जागेत दोघांची एकसारखी सोय होत नाही, असं मी जमेल तसं सांगितलं. मग पेटीतल्या तांब्याच्या कड्या काढल्या. इलेक्ट्रॉन नुसते केंद्रकाभोवती फिरत राहिले तर त्यांची ऊर्जा बाहेर पडत जाईल, आणि ते गरगरत केंद्रकात कोसळतील. पण तसं होत नाही. म्हणून एका तरुण शास्त्रज्ञानं ठरवलं, की त्यांच्या वाटा ठरलेल्या असाव्यात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. या पायरीवर उभं राहता येतं, त्या पायरीवर राहता येतं, मध्ये लोंबकळता येत नाही. रेश्मानं कड्या चाचपल्या. "यांचं पन चुकलं असंल."

"थोडं चुकलं. सगळ्यात हलक्या अणूला हिशेब जुळला, मोठ्यांना जुळेना."

शेवटी मी पिशवीतून कापूस काढला. आमच्या शेजारच्या शेतातला, सरकी काढलेला, मधे घट्ट आणि बाहेर मोकळा पिंजलेला. तिच्या दोन्ही हातांत दिला. ती बाहेरून आत, आतून बाहेर बोटं नेत राहिली.

"याला कड कुटं हाय?"

"कड नाहीच. आजची कल्पना अशी आहे. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी आहे असं सांगता येत नाही. कुठं सापडण्याची शक्यता जास्त, कुठं कमी, एवढंच सांगता येतं."

"आनि हे पन उद्या बदलंल?"

"बदलेल कदाचित."

"बरं हाय," रेश्मा म्हणाली. तिनं तो कापूस परत दिला नाही.

संध्याकाळी तिच्या वडिलांनी, जयवंतभाऊंनी, पोपटी लावली. रविवारी त्यांची सुट्टी असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, वरून पुन्हा पाला गच्च बसवला. मडकं शेतात उपडं घातलं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवल्या. शिजलं की नाही ते मडकं न उघडताच ओळखायचं. वर पाण्याचा शिपका मारला आणि चुर्र करून पाणी उडून गेलं की झालं. धुराचा आणि पाल्याचा तो वास अजून माझ्या शालीला आहे. मी शाल धुतलेली नाही.

शेंगा सोलता सोलता मीच विषय काढला. जयवंतभाऊ हळू बोलणारे गृहस्थ. साजगावला एका कारखान्यात कामाला आहेत.

"मॅडम, तुमी लांबून आल्यात, तुमाला नाय म्हनायला बरं वाटत नाय," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय. पन आमच्याकडं पत्रा ॲसिडच्या हौदातून काढतात. माझ्या शेजारी काम करनारा मानूस. पाय सरकला, हात गेला आत. पानी मिळेपर्यंत कोपरापासून खाली सगळं..." त्यांनी शेंगेचं साल निखाऱ्यात टाकलं. "त्याला चांगलं दिसत होतं. दोन डोळे धडधाकट. तुमच्या लॅबमदी ॲसिड असतं का नाय?"

"असतं."

"मग?"

मी गजाननबद्दल सांगितलं. तो खाचा पाडलेल्या सिरिंजनं द्रव मोजायचा, जोडीला कायम एकजण असायचा, शाळेत वापरतात ते आम्ल बहुतेक वेळा पाणी घालून पातळ केलेलं असतं. सगळं खरं होतं. पण शेकोटीच्या उजेडात त्यांचा चेहरा बघताना मला जाणवलं, की मी आकडे सांगितल्यासारखं बोलतेय, आणि या माणसाच्या डोळ्यांसमोर एक हात आहे.

"चुकली तर?" ते म्हणाले. "बाकी कुटं चुकली तर चालंल. तितं चुकून कसं चालंल?"

रेश्मा शेकोटीपलीकडून ऐकत होती. ती उठून घरात गेली. वहिनी तिच्यामागे गेल्या. मी म्हटलं, "भाऊ, तुमची भीती खोटी नाही. ती चुकणारच नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

त्यांनी माझ्या ताटात आणखी शेंगा टाकल्या.

सोमवारी सकाळी मी अंगणात आले तर जयवंतभाऊ गोट्यांचा पाट घेऊन बसले होते. त्यांनी झाकण काढून बेअरिंग उचकटलं होतं आणि फळकुटाचा एक तुकडा करवतीनं कापून तिथं बसवत होते. मला बघून जरा लाजले. "शैला बाईंनी सांगितलं कसं खेळतात ते. बघू म्हनलं."

त्यांनी रेश्माला हाक मारली. ती रुसलेलीच होती. तरी येऊन बसली आणि गोट्या सोडायला लागली. इकडून सोडली, वळून गेली. तिकडून सोडली, वळून गेली.

"गोल हाय," ती झटक्यात म्हणाली.

"नाय," जयवंतभाऊ म्हणाले.

मी तिच्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीचं सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. वडिलांसमोर चूक, आणि तीही 'चुकली तर?' असं त्यांनी विचारल्यावर. जयवंतभाऊंनाही ते दिसलं असावं. ते घाईनं म्हणाले, "जाऊ दे गं, मीच अवघड केलंय. आत काय हाय सांगू का, त्याला..."

"बाबा, सांगू नका!"

ती ओरडलीच. वहिनी हातातलं पीठ घेऊन दारात आल्या. रेश्मानं सगळ्या गोट्या गोळा केल्या आणि पाट जागच्या जागी फिरवला. ज्या बाजूनं तिनं अजून सोडलीच नव्हती, तिकडून एक सोडली. गोटी आत गेली, टकटक करत दोनदा आपटली आणि आली तशी परत आली. जरा बाजूनं सोडली, तरी परत. ती हसली. "या बाजूला खड्डा हाय. मगाशी मी पाठीकडूनच सोडत होते." पुन्हा दोन्ही टोकांकडून एकेक सोडून तिनं खात्री केली. "विळ्याचं पातं हाय. बाबा, विळा कापलाय तुमी."

जयवंतभाऊंनी झाकण काढलं. आत लाकडाची कोर होती. ती बोटानं चाचपत ते मला म्हणाले, "मला वाटलं रडंल. चुकली म्हनून रडंल."

मी म्हटलं, "भाऊ, अणूवर काम करणारी सगळी माणसं अशीच चुकली. तिनं हाताळली ती त्या पेटीतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी चुकीनंतर बनलीय."

"मॅडम, आज माजी दुपारची पाळी हाय," ते म्हणाले. "अकरावीचं कॉलेज वाटंवरच हाय. आधी मी लॅब बघनार. मग काय ते बोलू."

साजगाव

कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांमागून वाट जाते, तिथंच पुढे ते ज्युनिअर कॉलेज आहे. आम्ही सगळेच गेलो, शैला शाळेला रजा टाकून, वहिनीसुद्धा, चांगली साडी नेसून. शैलाची तिथल्या प्रयोगशाळेच्या सरांशी ओळख होती. तरुण सर, आम्ही एवढे जण आलेले बघून गोंधळले, पण त्यांनी दार उघडून दिलं. आधी तेही म्हणाले, "असं कधी केलं नाही आम्ही." आणि मग लगेच म्हणाले, "पण सांगा कसं करायचं, मी लिहून घेतो." दुसरे मोठे आभार या सरांचे. 'कधी केलं नाही' एवढ्यावर थांबणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

जयवंतभाऊ प्रयोगशाळेत कामावर आल्यासारखे फिरले. बाटल्या कुठल्या कपाटात, कपाटाला कडी आहे का, फरशी ओली असते का, बर्नरच्या नळ्या जुन्या झाल्यात का. एक नळी त्यांनी वाकवून पाहिली आणि म्हणाले, "ही बदला." सरांनी मान डोलावली. दोन दारं आहेत, त्यातलं एक पेट्यांनी अडवलेलं होतं. "या पेट्या काढा." सरांनी तेही ऐकून घेतलं. रेश्मा दारातच उभी होती, एका हातात वेणीचं टोक.

शेवटी जयवंतभाऊ खिडकीपाशी गेले. तिथल्या टेबलाला लागून बेसिन होतं. त्यांनी नळ सोडून पाहिला, पाणी जोरात आलं. बंद केला. मग टेबलावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "हिला हे टेबल द्या. नळाजवळचं. दुसरं नको."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. शैलानं माझा हात इतका दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. सर म्हणाले, "देतो ना. तिचं हेच."

रेश्मा वाट काढत आली. टेबलाच्या कडेनं तिनं हात फिरवला, कोपरा शोधला, बेसिनची कड शोधली, नळ शोधला, आणि किती जोरात येतं ते बघायला पूर्ण सोडला. पाणी बेसिनवर आपटून उसळलं. जयवंतभाऊंचा पाळीला जायचा इस्त्रीचा शर्ट पुढून सगळा भिजला.

"अगं बंद कर, बंद कर!" वहिनी ओरडल्या.

"नाय, ऱ्हाऊ दे," जयवंतभाऊ म्हणाले. या सगळ्या मुक्कामात मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना पाहिलं. "चांगलं येतंय पानी. चांगलं येतंय."